साफ केलेले डॉल्फिन

कोल्हापुरात राहून डॉल्फिन मोजते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारायचा, रंकाळ्यात का? हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे मी सरळ हो म्हणायला लागले. हो म्हटलं की विषय संपायचा. नाही म्हटलं की समुद्र किती लांब, बसला किती तास लागतात, आणि एवढं करून त्या माशांचं करायचं काय, इथपर्यंत सगळं सांगत बसावं लागायचं.

जयसिंगपूरला आमच्या घरी तर त्याहून अवघड होतं. आम्ही लिंगायत. घरात अंडं येत नाही, आणि मुलगी विद्यापीठात राहून माशात पीएचडी करते हे अव्वा चारचौघांत कसं सांगणार? कुणी विचारलंच तर ती "सायन्स करते" एवढंच म्हणायची. डॉल्फिन मासा नाही, तो हवेत श्वास घेतो, पिलांना दूध पाजतो, हे मी तिला एकदा नीट बसवून समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की दूधच देणारं जनावर पाहिजे होतं तर म्हशीवर करायची होतीस पीएचडी, निदान घरी तरी राहिली असतीस.

अप्पांचं आडत दुकान होतं. त्यांना माझ्या कामातलं मोजणं तेवढं आवडायचं. समुद्रातली जनावरं एका जागी उभी राहत नाहीत, बुडी मारतात, तीच तीच पुन्हा वर येतात, मग मोजायची कशी, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी दुकानातल्याच ज्वारीच्या पोत्यापाशी उभी राहिले. पोत्यातले मूठभर दाणे काढायचे, त्यांना कुंकू लावायचं आणि परत पोत्यात टाकून ढवळायचं. मग दुसरी मूठ काढायची आणि तिच्यात कुंकवाचे किती आले ते बघायचं. भरपूर आले तर पोतं लहान, क्वचितच आले तर पोतं मोठं. समुद्रात आम्ही कुंकू लावत नाही, कारण ते निसर्गाने आधीच लावलेलं असतं. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराला खाचा असतात, जाळ्याचे वळ असतात, एकमेकांना चावल्याचे ओरखडे असतात. प्रत्येकाचे वेगळे. एका वर्षी सगळ्यांचे फोटो काढायचे, दुसऱ्या वर्षी पुन्हा काढायचे, आणि किती ओळखीचे परत भेटले त्यावरून एकूण आकडा काढायचा.

अप्पांनी पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी काढली आणि तळहातावर पसरून बघत राहिले. मग म्हणाले, "आणि ते कुंकू पुसून गेलं तर गं, अक्का?"

मी हसले. म्हटलं, अप्पा, व्रण कधी पुसून जातो का? वयाच्या पंचविशीत माणसाला आपण किती हुशार आहोत असं वाटतं, ते आठवलं की आजही मला माझाच राग येतो. शिवाय हा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा मला तर मुळीच अधिकार नव्हता.

का ते सांगते. माझ्या हनुवटीवर आडवा व्रण आहे. लहानपणी शिरोळला मामाकडे उसाच्या ट्रॉलीवरून पडले होते, तेव्हाचा. पीएचडीला नाव घालण्याच्या वर्षभर आधी घरच्यांनी स्थळांना दाखवायला माझा फोटो काढायचं ठरवलं आणि मला कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टुडिओत नेलं. स्टुडिओचे म्हातारे मालक तरुणपणी सिनेमाच्या नट्यांचे फोटो साफ करायचे. तीन केसांचा ब्रश आणि भिंग घेऊन ते बसत आणि चेहऱ्यावरची मुरमं, देवीचे वण, डोळ्यांखालची वर्तुळं सगळं काढून टाकत. माझा फोटो आला तेव्हा हनुवटी लोण्यासारखी होती. अव्वाने तो देवापुढे ठेवला. मग एक स्थळ आलं. पोह्यांच्या बशा फिरल्या, आणि मुलाची आत्या माझ्या हनुवटीकडे टक लावून बघत म्हणाली की फोटोत हे नव्हतं. स्थळ गेलं. मला त्या मुलाशी लग्न करायचं नव्हतंच, त्यामुळे गेलं ते बरंच झालं. पण त्या फोटोचा राग मला बरेच दिवस होता.

तरीही डॉल्फिनचे रोल धुवायला मी त्याच स्टुडिओत देत होते. ब्लॅक अँड व्हाइट रोल नीट धुणारं तेव्हा गावात दुसरं कोणी उरलं नव्हतं. बाकी सगळीकडे रंगीत मशिनं आली होती.

पावसाळा संपून समुद्र निवळला की माझ्या खेपा सुरू व्हायच्या. पहाटेची एसटी, आजरा, आंबोलीचा घाट, घाटात ठरलेली उलटी, आणि दुपारपर्यंत वेंगुर्ल्याच्या अलीकडचं एक लहानसं बंदर. कॅमेरा विभागाचा, लेन्स सरांची. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. लेन्सला ओरखडा आला तर प्रबंधावर सही करणार नाही असं ते हसत हसत सांगायचे, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. खाऱ्या हवेत रोल खराब होऊ नयेत म्हणून मी ते चिवड्याच्या डब्यात तांदळात पुरून ठेवायचे. अव्वाने त्यासाठी आजऱ्याचा घनसाळ दिला होता. साधा दिला असता तरी चाललं असतं, पण मुलीच्या डब्यात साधा तांदूळ घालायला तिचं मन धजलं नसावं.

होडी एका म्हाताऱ्या तांडेलाची होती. होडीवर काय करायचं ते तो ठरवायचा आणि मी ऐकायचे. डॉल्फिनला तिकडे गादो म्हणतात. गादे त्याच्या जाळ्यातले मासे पळवायचे, जाळी फाडायचे, आणि तरीही त्यांच्याबद्दल बोलताना त्याच्या आवाजात एक लाड असायचा. पहिल्या दिवशी मी कॅमेरा सरसावून बसले तेव्हा तो म्हणाला, "गादो काय उभो रवतलो व्हय फोटोक?" राहिला नाहीच. पाण्यातून वशिंडासारखी करडी पाठ वर यायची, तिच्यावर छोटा पर, आणि बटण दाबेपर्यंत नुसतं पाणी उरायचं. दिवसाला एक रोल संपायचा आणि त्यात चांगले फोटो चार-पाच. बाकी सगळा समुद्र. नुसत्या समुद्राचे इतके फोटो आख्ख्या कोल्हापुरात कुणाकडे नसतील.

पहिल्या हंगामाचे प्रिंट मिळाले तेव्हा स्टुडिओत म्हाताऱ्यांचा मुलगा बसत होता, कारण म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मुलाने सांगितलं तेवढंच केलं, परांचे भाग मोठे करून छापून दिले. मी त्यांना नंबर दिले. सात नंबर माझ्या विशेष आवडीचा होता. ती मादी होती, बरोबर पिलू असायचं. पराच्या मागच्या कडेला कात्रीने कापल्यासारखी खोल खाच, आणि तिच्याखाली तिरका पांढरा ओरखडा. तिला मी लांबूनही ओळखायचे. खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत मला कोल्हापुरातल्या माणसांपेक्षा सात नंबरचीच जास्त काळजी होती.

त्या बंदराचं काय होणार हे माझ्या आकड्यावर ठरणार होतं. किनाऱ्यावरच्या कुठल्या जागा राखायच्या, कुठे मोठ्या ट्रॉलरना बंदी सुचवायची, याची एक यादी सरकारी कार्यालयात तयार होत होती. सरांनी तिथे मोजणीसाठी आमचं नाव दिलं. तिथल्या साहेबांचं म्हणणं साधं होतं. डॉल्फिन थोडे उरले असतील तर जागा यादीत घालू, भरपूर असतील तर घाई नाही. मुदत ठरलेली होती. तांडेलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं की मोजायचे कशाला, मी सांगतो की. बंदराच्या तोंडाशी येणारे गादे त्याला पाठ होते, आणि ते थोडेच होते. "सगळे वळखीचेच, बाय. भायरचो एकय नाय." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली इंग्रजीत लिहिलं की ही केवळ स्थानिक समजूत आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे, पण ते पान उघडायची माझी हिंमत होत नाही.

दुसऱ्या हंगामात फोटो चांगले आले. हात बसला होता. रोल स्टुडिओत टाकले, आठवड्याने प्रिंट घेतले, आणि वसतिगृहाच्या खोलीत जमिनीवर पसरून जुळवायला बसले. जुळेनात. नवेच पर, स्वच्छ, गुळगुळीत, कडा कशा सरळ. मागच्या वर्षीचे मोजकेच ओळखू आले. सात नंबर तर कुठेच नव्हती. मी तीन दिवस तिला शोधलं. जाळ्यात अडकून मेली असणार असं वाटून एका दुपारी मी मेसमध्ये जेवताना रडले. मैत्रिणींनी विचारलं काय झालं, तर काय सांगणार?

सर मात्र खूश झाले. गुळगुळीत पर म्हणजे तरुण जनावरं, म्हणजे बाहेरून नवे येतायत, म्हणजे तब्येत छान आहे कळपाची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. खुणा नसलेले पर हिशेबातून बाजूला ठेवायचे असा या कामाचा नियम आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण कुठे उंची जास्त, कुठे टोक वाकडं, असं काहीतरी शोधून आम्ही त्यांनाही नंबर दिले. मुदत जवळ आली होती. ओळखीचे थोडे भेटले, म्हणजे पोतं मोठं. आकडा आला तो भलामोठा आला. तो मी इथे लिहिणार नाही. एकदा छापून झालाय तेवढा पुरे.

अहवाल गेला. महिन्याभरात यादी ठरली आणि आमचं बंदर तिच्यात नव्हतं. भरपूर आहेत, निकड नाही.

मला वाईट वाटलं, पण आकड्यापुढे काय बोलणार? आकडा तर माझाच होता. मग विभागात एक प्रदर्शन होतं म्हणून सात नंबरचा जुना फोटो मोठा करून लावावा असं मी ठरवलं. तिची आठवण म्हणून. पहिल्या वर्षीची निगेटिव्ह घेऊन मी स्टुडिओत गेले. गल्ल्यावर म्हातारे बसले होते. मोतीबिंदू काढून झाला होता, जाड काचेचा चष्मा होता, आणि आता सगळं लख्ख दिसतं म्हणून स्वारी आनंदात होती. त्यांनी निगेटिव्ह दिव्यावर धरली, निरखून बघितली आणि म्हणाले, "हिचं बी फाटलंय की. साफ करून देऊ न्हवं, बाळ?"

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, साफ म्हणजे?

"मागल्या टायमाला सगळी केली की. कुणाची कड फाटल्याली, कुणाच्या अंगावर ओरखाडं. पोरीनं एवढं उन्हातान्हात जाऊन फोटू काढलेत, ते असं डागाळल्यालं द्यायचं व्हय? एकेकाला तास तास लागलाय."

मी तिथल्या लाकडी बाकावर बसले. समोर भिंतीवर लग्नाच्या मुलींचे फोटो होते, ओळीने, एकीच्याही चेहऱ्यावर तीळ नाही. ते म्हातारे माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते. त्यांनी भिंग घेऊन, नव्या डोळ्यांनी, करड्या रंगाच्या छटा जुळवून एकेका डॉल्फिनची खाच भरली होती, एकेक ओरखडा पुसला होता. काम इतकं सफाईने झालं होतं की दोन वर्षं त्या परांकडे बघणाऱ्या मला ते कळलं नव्हतं. आणि हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी बघत होते ती जनावरं नवी नव्हती. ती सगळी ओळखीचीच होती, स्थळाला दाखवायला तयार केलेली.

मी ओरडले का? ओरडले. मामा, तुम्ही माझं सगळं काम पाण्यात घातलंत, असं मी भर दुकानात म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला लगेच लाज वाटली. त्यांना खरोखरच कळत नव्हतं की डाग कुणाला हवासा कसा वाटेल. उभं आयुष्य लोक त्यांच्याकडे डाग घालवायला आले होते. राग त्यांच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. माझ्या हनुवटीवरचा व्रण याच माणसाने याच टेबलावर पुसला होता, ते मला ठाऊक होतं, आणि तरी मी प्रिंट भिंगाखाली धरून बघितले नव्हते, निगेटिव्हशी ताडून बघितले नव्हते.

दुसऱ्या हंगामाच्या निगेटिव्ह त्यांच्याकडेच होत्या. त्यांनी त्या काढून दिल्या. मी दारातल्या उजेडात एकेक पट्टी धरून बघितली. निगेटिव्हवर त्यांनी हात लावला नव्हता, ब्रश फक्त प्रिंटवर फिरला होता. चौथ्या पट्टीत सात नंबर होती. खाच तशीच, ओरखडा तसाच, निगेटिव्हमध्ये काळा दिसणारा. शेजारी पिलू, वर्षभरात वाढलेलं. ती पुढच्या पट्टीत होती, त्याच्या पुढच्याही होती. ती मेली नव्हती म्हणून मला इतका आनंद झाला की मी दारातच रडायला लागले, आणि म्हाताऱ्यांना वाटलं की मी अजून त्यांच्यावरच चिडले आहे.

नंतरचे पंधरा दिवस मी निगेटिव्हवरून पुन्हा जुळवणी केली. जवळजवळ सगळे जुळले. आकडा धाडकन खाली आला, तांडेलाने सांगितलं होतं त्याच्या आसपास. सरांनी कपाळाला हात लावला, आणि मग स्वतः माझ्याबरोबर साहेबांकडे आले, याबद्दल मी त्यांना मानते.

साहेबांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवले. मी सगळं सांगितलं, स्टुडिओ, ब्रश, मोतीबिंदू. ते मधूनमधून हसत होते, आणि मला वाटलं की यांना समजतंय. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, दोन महिन्यांपूर्वी एवढे होते, आता एवढेच. मधले मेले असं लिहू का मी?"

मी म्हटलं, मेले नाहीत, ते नव्हतेच. ते म्हणाले की सरकारी कागदावर एकदा असलेला प्राणी नव्हताच असं लिहिता येत नाही. मेला असं लिहिता येतं, पण मग तो कशाने मेला आणि तेव्हा खातं काय करत होतं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. हे सगळं ते समजुतीच्या सुरात सांगत होते, शिपायाला आमच्यासाठी चहा आणायला सांगून. यादी पुढच्या वेळी होईल तेव्हा बघू, तोवर हा कागद फायलीला लावतो, असं म्हणाले. मी त्या पुढच्या वेळेसाठी चार वर्षं पत्रं लिहिली. साहेब बदलले, त्यांच्या जागी आलेले बदलले, आणि प्रत्येक नव्या साहेबाला मला मोतीबिंदूपासून सुरुवात करावी लागली. तिसऱ्या साहेबांनी तर विचारलं की डॉल्फिनला मोतीबिंदू होतो का.

अप्पांना मी हे खूप उशिरा सांगितलं. मी तुला विचारलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. दुकान तेव्हा बंद व्हायला आलं होतं. त्यांनी फक्त त्या स्टुडिओवाल्यांची चौकशी केली. ते वारले होते.

मी पुढे कोल्हापुरातच एका कॉलेजात शिकवायला लागले. बंदरावर जाणं कमी होत गेलं. ट्रॉलर येतच राहिले. तांडेल गेला, त्याच्या घरच्यांनी होडी विकली. दोन हजार सालानंतरच्या एका डिसेंबरात मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन तिथे गेले तेव्हा वाळूत तिकिटाची टपरी होती, नारिंगी जाकिटांचा ढीग होता, आणि एक रंगवलेला मोठा फलक होता. डॉल्फिन दर्शन. उडी मारणारा, हसणारा डॉल्फिन, अंगावर एक ओरखडा नाही. आणि त्याच्या खाली, या बंदरात इतके डॉल्फिन आहेत, असा ठळक अक्षरात आकडा.

तो माझा आकडा होता. पहिला.

मुलं पाण्याकडे पळाली होती. मी टपरीतल्या माणसाला विचारलं की हा आकडा कुठून आणला. पाटीवर लिहायला सरकारी कागद मिळाला होता म्हणे, कोल्हापूरच्या कुणा बाईंनी दोन वर्षं मोजून काढलेत. आता दिवसभर फिरलं तरी दोन-तीनच दिसतात, पण आहेत, असं त्याने मला खात्रीने सांगितलं. गिऱ्हाईक तक्रार करायला लागलं की तो हाच फलक दाखवायचा. त्या दोन-तीनमध्ये सात नंबर असेल का असं मी विचारणार होते, पण त्याला काय कळणार?

मी म्हटलं, "त्या बाई म्हणजे मीच. आणि तो आकडा चुकीचा आहे. इतके डॉल्फिन इथे कधीच नव्हते."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं, हनुवटीकडेही बघितलं. मग हसला, आणि ढिगातलं त्यातल्या त्यात नवं जाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"तुम्हीच मोजलेत होय मॅडम? मग बरोबरच असणार."